फाइल चार इमलीत, दवाखाना नाल्यापलीकडे

सकाळचे साडेआठ. चार इमलीतल्या एका सरकारी बंगल्याच्या फाटकाशी दोघं जण उभे आहेत. त्याच्या हातात टॉर्च आणि पांढरी प्लास्टिकची वाटी, तिच्या हातात कोपरे दुमडलेलं रजिस्टर. गार्ड आतूनच सांगतो, ‘साहब अभी निकल रहे हैं, बाद में आना.’ बाद में म्हणजे कधी, हे विचारायचं नसतं. दोघं पुढच्या फाटकाकडे वळतात. तिथे कुत्रं आहे. तिसऱ्या बंगल्याच्या आउटहाऊसमध्ये राहणारी बाई ओळखीची निघते आणि मागच्या दाराने आत घेते.

मागच्या अंगणात लोखंडी कूलर आहे. मे-जूनमध्ये रात्रंदिवस चाललेला, पाऊस लागल्यावर बंद केलेला. टाकीत वीतभर पाणी तसंच राहिलंय. तो खसाची जाळी बाजूला करतो, टॉर्च मारतो, वाटी तिरकी बुडवून पाणी उचलतो. पांढऱ्या तळावर बारीक काळे स्वल्पविराम वळवळताना दिसतात. एडिसच्या अळ्या. डेंग्यूवाल्या. मग टाकी कलती करून पाणी ओततो आणि आतल्या कडा फडक्याने खसाखसा घासतो. नुसतं ओतून भागत नाही, कारण अंडी पत्र्याला चिकटलेली असतात, कोरडी पडली तरी कित्येक महिने जगतात आणि पुढच्या पाण्याची वाट बघतात. ती भिंतीवर खडूने तारीख आणि एक खूण टाकते, रजिस्टरात ओळ भरते. त्या पानावर माझ्यासमोर अकरा घरं लिहिली गेली, त्यांपैकी सहांपुढे एकच शेरा होता: बंद.

बंद म्हणजे रिकामी नव्हे. फाटक उघडलं नाही, एवढाच अर्थ.

संपादकांनी विषय दिला होता, ‘शहर कोण चालवतं?’ त्यातलं आरोग्य माझ्या वाट्याला आलं. मुंबईत बसून केईएमवर लिहिता आलं असतं. पण माझी मावशी भोपाळला अरेरा कॉलनीत राहते आणि तिच्या घरापासून चालत गेलं की चार इमली लागते. सचिव, संचालक, मंत्री यांच्या बंगल्यांची ही वसाहत. सात कोटींहून जास्त लोकांच्या राज्याच्या आरोग्याचा आराखडा ज्यांच्या सहीने पुढे सरकतो, त्यातले बरेच जण इथे झोपतात. त्यांच्याच गल्लीत डासांच्या अळ्यांची मोजणी कशी चालते, ते बघायला गेले. नावातल्या चार चिंचा कुठल्या, हेही विचारलं. तिघांनी तीन दिशांना हात केले.

‘स्वास्थ्य’ म्हणजे झाडू

पहिला गोंधळ शब्दाचाच झाला. भोपाळ नगर निगमात ‘स्वास्थ्य’ विभाग आहे, ‘एएचओ’ म्हणजे सहायक स्वास्थ्य अधिकारी आहेत, त्यांच्या हाताखाली दरोगा आहेत. मी भाबडेपणाने एका दरोग्याला विचारलं, या वॉर्डात मधुमेहाचे रुग्ण किती? तो माझ्याकडे बघत राहिला. त्याचं काम सफाई कामगारांची हजेरी, कचरागाडी, नाल्या. इथे निगमाचं स्वास्थ्य म्हणजे झाडू.

मुंबईच्या वाचकाला हे विचित्र वाटेल. तिथल्या 1888 च्या महापालिका कायद्याने गटार आणि इस्पितळ एकाच घरात नांदवले. केईएम 1926 चं, पालिकेचं; नायरही आज पालिकेकडेच. ज्या संस्थेने नळ दिला तिनेच प्रसूतिगृह दिलं, आणि डास शोधायलाही तिचा स्वतःचा कीटकनाशक खात्याचा माणूस येतो. भोपाळची गोष्ट वेगळी आहे. नवाबी काळात, 1907 मध्ये इथे ‘मजलिस-ए-इंतेजामिया’ नावाची नगरसंस्था निघाली. महानगरपालिका व्हायला 1983 उजाडलं. मधल्या काळात, 1956 मध्ये हे राजधानीचं शहर झालं आणि दवाखाने उभे केले ते राज्य सरकारने. मोठं सरकारी रुग्णालय हमीदिया, ते वैद्यकीय महाविद्यालयाकडे. जिल्हा रुग्णालय ‘जेपी’ आरोग्य खात्याकडे. जुने लोक त्याला अजून ‘बारा सौ पचास’ म्हणतात, शेजारच्या साडेबाराशे सरकारी क्वार्टर्सवरून. 1984 च्या वायुकांडानंतर गॅसपीडितांसाठी वेगळी रुग्णालयं आली आणि त्यांच्यासाठी वेगळं खातंही. त्यावर भोपाळ मेमोरियल, त्यावर एम्स. खाटांचे मालक इतके, आणि त्यांत निगम जवळपास कुठेच नाही.

मग कायदा काय म्हणतो? 74 व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची दिली. तिच्यात अठरा विषय आहेत, सहावा सार्वजनिक आरोग्य आणि स्वच्छता. राज्यांनी ही कामं नगरसंस्थांकडे सोपवावीत, अशी अपेक्षा. पण घटना ‘सोपवता येतील’ म्हणते, ‘सोपवलीच पाहिजेत’ म्हणत नाही. मध्य प्रदेशाने त्या सहाव्या विषयातली स्वच्छता खाली दिली आणि आरोग्य वर ठेवलं.

डासाला हे विभाजन समजत नाही, त्यामुळे त्याच्यावर दोन खाती चालून जातात. अळ्या शोधणारी जोडी मलेरिया कार्यालयाची, म्हणजे राज्याची. धूर सोडणारी गाडी निगमाची. पाणी साठवल्याबद्दल दंडाची पावती फाडायची तर तो अधिकारही निगमाचा. म्हणजे अळी जिला दिसते तिला दंड करता येत नाही, आणि जो दंड करू शकतो तो त्या वेळी कचरागाडीमागे असतो. रजिस्टरवाल्या ताईंना विचारलं, मग तुम्ही काय करता? ‘समझाते हैं,’ त्या म्हणाल्या.

‘आरओपी आया क्या?’

मावशीचे यजमान, म्हणजे माझे काका, हिशेब शाखेतून निवृत्त झाले. नोकरीची बरीच वर्षं आरोग्य संचालनालयात गेली. 1 नोव्हेंबर 1956 ला नागपूरचं राजधानीपण गेलं आणि फायलींच्या पेट्यांबरोबर जी मराठी कारकुनांची कुटुंबं भोपाळला उतरली, त्यांतलं एक त्यांचं. ते तेव्हा चार वर्षांचे होते. मराठी नागपुरी, हिंदी भोपाळी आणि फाइल मात्र इंग्रजी.

‘आराखडा खालून वर जातो, असं पुस्तकात लिहिलंय,’ काका म्हणाले, ‘आणि ते खोटं नाही. कागद खरंच खालून वर जातो.’

त्या कागदाचं नाव पीआयपी. राष्ट्रीय आरोग्य अभियान 2005 मध्ये ग्रामीण भागासाठी सुरू झालं, मे 2013 मध्ये केंद्राने त्याला शहरी जोड दिली, तेव्हापासून शहरांचाही पीआयपी बनतो. निकष नेटके आहेत. पन्नास हजार लोकसंख्येमागे एक शहरी प्राथमिक आरोग्य केंद्र, दोनशे ते पाचशे घरांमागे एक आशा सेविका, वस्तीतल्या पन्नास ते शंभर घरांमागे एक महिला आरोग्य समिती, आणि त्या समितीच्या हातात वर्षाला पाच हजार रुपये. आशाने वस्तीचा नकाशा काढायचा, पाणी कुठे तुंबतं, गरोदर बाया कुठे, कामासाठी आलेली तात्पुरती कुटुंबं कुठे, ते भरायचं. तो शहराच्या आराखड्यात मिसळायचा, शहराचा जिल्ह्याच्या, जिल्ह्याचा राज्याच्या. राज्याचा कागद दिल्लीला जातो. तिथे एनपीसीसी नावाची बैठक होते आणि काही महिन्यांनी उत्तर येतं, त्याला आरओपी म्हणतात. काय मंजूर, काय नामंजूर, कशाला किती. 2022 पासून हे सगळं दोन-दोन वर्षांचं एकदम होतं.

‘ऑफिसात मार्च-एप्रिलला एकच प्रश्न असायचा,’ काका सांगत होते. ‘आरओपी आया क्या? पोरीचं लग्न ठरलं का, या सुरात.’

मेख मधल्या टप्प्यात आहे. जिल्ह्याकडे जो तक्ता भरायला येतो त्यात ओळी आधीच छापलेल्या असतात आणि प्रत्येक ओळीला कोड असतो. लसीकरण, क्षयरोग, प्रसूती, आशांचं प्रशिक्षण. गेल्या वर्षी किती मागितलं, किती खर्चलं, यंदा किती. आता समजा एखाद्या आशाने नकाशावर लिहिलं की वस्तीतल्या बायका सकाळी सातला बंगल्यांवर कामाला जातात, त्यांच्यासाठी दवाखाना संध्याकाळी हवा. ही गरज कुठल्या ओळीत बसवायची? तिला कोड नाही. कोड नाही म्हणजे पैसा नाही. मग ती ‘इतर’मध्ये जाते आणि ‘इतर’ला पहिली कात्री लागते. काकांनी हे कुणाला दोष न देता सांगितलं. त्यांनी स्वतः ती कात्री किती वर्षं चालवली, हे मी विचारलं नाही.

जिल्ह्याच्या पातळीवर हे सगळं जिल्हा आरोग्य समितीतून जातं. अध्यक्ष कलेक्टर, कारभार सीएमएचओंचा, म्हणजे जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय आणि आरोग्य अधिकाऱ्याचा. निगमाच्या माणसाला बैठकीला बोलावतात. दिल्लीच्या रचनेत मुंबई, चेन्नई, अहमदाबाद अशा सात महानगरांत शहरी अभियान थेट पालिकांनी चालवायचं ठरलं. भोपाळ त्यात नाही. वॉर्डातून निवडून आलेल्या नगरसेवकाला आपल्या भागात दवाखाना किती वाजता उघडावा हे ठरवता येत नाही. तो निवेदन देऊ शकतो. शहरात असे 85 नगरसेवक आहेत.

योगायोग असा, की शहरी अभियान आलं त्याच्या महिनाभर आधी, एप्रिल 2013 मध्ये, इंग्लंडने उलट पाऊल टाकलं. सार्वजनिक आरोग्याची बरीचशी कामं राष्ट्रीय आरोग्य सेवेतून काढून स्थानिक कौन्सिलांकडे दिली. प्रत्येक कौन्सिलात एक सार्वजनिक आरोग्य संचालक. आधी आपल्या भागातल्या गरजांचा अहवाल मांडायचा, मग धूम्रपानमुक्ती, व्यसनमुक्ती, मुलांच्या तपासण्या अशा सेवा कुणाकडून घ्यायच्या ते ठरवायचं. पुढे अनुदानाला कात्री लागली आणि कौन्सिलांची ओढाताण झाली, तेव्हा ते काही रामराज्य नव्हे. फरक इतकाच की तिथे गरजेचा अहवाल आणि खर्चाची सही एकाच इमारतीत राहतात. भोपाळमध्ये त्यांच्यामध्ये दिल्लीचा प्रवास आहे.

कागदांचं आयुष्यही तसं नाजूक. 12 जून 2023 ला इथल्या सतपुडा भवनाला आग लागली. वरच्या मजल्यांवर आरोग्य संचालनालय होतं, ढीगच्या ढीग फायली जळाल्या. काका तेव्हा गच्चीवरून धूर बघत होते. कुठल्या शाखेची खिडकी कुठली, हे त्यांना पाठ होतं.

नाल्यापलीकडे

बंगल्यांत धुणीभांडी करणाऱ्या बऱ्याच जणी नाल्याच्या पलीकडून येतात. तिकडे एक संजीवनी क्लिनिक आहे. कुठलं ते लिहीत नाही, कारण तिथल्या नर्सबाईंनी चहा पाजला आणि मोकळेपणाने बोलल्या.

‘मुख्यमंत्री संजीवनी क्लिनिक’ ही कल्पना 2019 च्या डिसेंबरात इंदूरमधून सुरू झाली, दिल्लीच्या मोहल्ला क्लिनिकांच्या पाठोपाठ. सरकारं बदलली तरी टिकली, हे महत्त्वाचं, आणि त्यामागे पैसा आहे. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 साठी आरोग्याला 70,051 कोटी रुपये देताना एक नवी गोष्ट केली. हा पैसा स्थानिक संस्थांच्या नावाने दिला. त्यातले 24,028 कोटी केवळ शहरी आरोग्यवर्धिनी केंद्रांसाठी, पंधरा-वीस हजार वस्तीमागे एक या हिशेबाने. महाराष्ट्रातल्या ‘आपला दवाखाना’च्या पाट्यांमागेही हाच धक्का आहे.

स्थानिक संस्थांच्या नावाने पैसा आल्यावर मध्य प्रदेशात कामाची वाटणी अशी झाली: इमारत नगरसंस्थेने बांधायची, डॉक्टर-नर्स आणि औषधं आरोग्य खात्याने द्यायची. कागदावर ठीक आहे. त्या दोन खोल्यांत बसल्यावर त्याचा अर्थ कळतो. मी होते तेव्हा औषधांच्या कपाटाजवळ छत ठिबकत होतं. खाली बादली ठेवलेली. नर्सबाईंनी आपल्या खात्याला कळवलं, खात्याने सांगितलं इमारत निगमाची. निगमाच्या अभियंत्याने येऊन फोटो काढला आणि सांगितलं, ताबा दिल्यानंतरची देखभाल तुमची. तोवर त्यांनी कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढून घेतलं होतं. माझ्या मते हा त्या दिवशी मी पाहिलेला सर्वांत परिणामकारक प्रशासकीय निर्णय.

बाकी क्लिनिक चालत होतं, हे सांगायलाच हवं. सकाळपासून चाळीसेक माणसं झाली होती. ताप, खोकला, मुलाच्या कानाचा पू. रक्तदाबाच्या गोळ्या महिन्याच्या मिळत होत्या. टेबलावरच्या टॅबमध्ये प्रत्येकाची नोंद पडत होती. एक बाई आली, चार इमलीत दोन बंगल्यांचा स्वयंपाक करते. दाब 170 च्या पुढे. गोळ्या पंधरा दिवसांपूर्वी संपल्या होत्या. का आली नाहीस, तर क्लिनिक उघडतं तेव्हा ती पोळ्या लाटत असते आणि तिची सुट्टी होते तेव्हा इथे कुलूप असतं. आज मालकीणबाई गावाला गेल्या म्हणून आली. नर्सबाईंनी तिला दोन महिन्यांच्या गोळ्या देता येतील का, म्हणून डॉक्टरांना खूण केली. डॉक्टर म्हणाले, स्टॉक बघा.

ज्या आशाने तिला हाताला धरून आणलं होतं, तिला ही अडचण कधीची माहीत आहे. नकाशावर लिहिली होती का, विचारलं. तिने डायरी उघडून दाखवली. लिहिली होती.

2020 चा एप्रिल

चार इमलीत आरोग्याचा विषय निघाला की गाडी एका महिन्याकडे जातेच. भोपाळमध्ये करोनाच्या पहिल्या काही आठवड्यांत जे रुग्ण सापडले, त्यांतला मोठा हिस्सा आरोग्य खात्याच्याच अधिकारी-कर्मचाऱ्यांचा आणि पोलिसांचा होता. खात्याचे अगदी वरचे अधिकारीही त्यात होते. साथीशी लढण्याचा आराखडा करणाऱ्या खोल्यांतच साथ फिरली. अधिकाऱ्यांच्या वसाहतींत रस्ते अडवायला बांबू बांधले गेले. शहराच्या नकाशात एरवी ‘धोक्याची’ म्हणून वस्त्या रंगवतात, त्या वेळी बंगले रंगले.

पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त खुपते. 23 मार्च 2020 ला नव्या मुख्यमंत्र्यांनी शपथ घेतली आणि 21 एप्रिलपर्यंत ते एकटेच होते. मंत्रिमंडळ नव्हतं, म्हणजे आरोग्यमंत्रीही नव्हते. इकडे भोपाळ नगर निगमाची मुदत फेब्रुवारीत संपली होती. महापौर नाही, नगरसेवक नाही. निवडणूक झाली ती थेट जुलै 2022 मध्ये, दुसरी लाट उलटून वर्ष झाल्यावर. म्हणजे शतकातल्या सर्वांत मोठ्या साथीत या शहराच्या आरोग्याबद्दल ज्याच्या घरी जाऊन दार ठोठवावं, असा निवडून दिलेला शहराचा माणूस दोन वर्षांहून जास्त काळ नव्हता. शहर कलेक्टर आणि आयुक्तांनी चालवलं, आणि पुष्कळांच्या मते नेटकं चालवलं. काकांचंही तेच मत आहे. मला ती नेटकेपणाची ग्वाहीच काळजीची वाटते. नगरसेवक असते तर काय फरक पडला असता, हे कुणाला सांगता आलं नाही. एरवी तरी त्यांच्या हातात काय असतं? मार्च 2022 नंतर मुंबई-पुण्याने प्रशासकांची राजवट पाहिली, तिथल्या वाचकांना हा प्रश्न अनोळखी नसावा.

इंदूरचे उंदीर

खालून काही ठरवलं जातच नाही असं म्हणणं मात्र अन्यायाचं होईल, आणि त्याचं उदाहरण याच राज्यात आहे. 1994 मध्ये सुरतेला प्लेग आला. इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात, म्हणजे होळकरांच्या नावाच्या ‘एमवाय’मध्ये, तेव्हा उंदरांचं राज्य होतं. जिल्हा प्रशासनाने रुग्णालय रिकामं करून उंदरांची मोहीम काढली, लोकांकडून पैसा उभा केला, आणि नंतर ते पुन्हा तसंच होऊ नये म्हणून रुग्णालयासाठी एक समिती नोंदवली. तिने थोडं शुल्क घ्यायचं, ते तिथेच खर्चायचं, बल्बसाठी भोपाळची परवानगी मागायची नाही. तिचं नाव रोगी कल्याण समिती. पुढे राष्ट्रीय अभियानाने ती देशभर नेली. महाराष्ट्रातल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर ‘रुग्ण कल्याण समिती’चा फलक दिसतो, त्याचं आजोळ इंदूरच्या उंदरांत आहे.

आणि 2025 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्याच एमवायच्या नवजात कक्षात दोन बाळांना उंदीर चावले. दोन्ही बाळं दगावली. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. उंदीर मारण्याचं काम कंत्राटाने दिलेलं होतं. कंत्राटदाराला दंड झाला.

त्याच्या एकतीस वर्षं आधी तिथल्या माणसांनी स्वतः हातात घेतलेलं काम मधल्या काळात एका निविदेतली ओळ झालं होतं. निविदेत महिन्याच्या फेऱ्या असतात, बिलं असतात. कक्षात रात्री कोण खुडबुड ऐकतं आणि ऐकल्यावर कुणाला सांगतं, ते निविदेत नसतं. सेवा विकत घेण्यात मला तत्त्वतः वाईट काही दिसत नाही. इंग्लंडच्या कौन्सिलाही घेतात. पण विकत घेणाऱ्याला ती रोज बघावी लागते, आणि बघणारा माणूस हीच आपल्याकडे पहिली वाचवलेली जागा असते.

अरेरा कॉलनीत

निघायच्या आदल्या दिवशी तीच जोडी मावशीच्या गल्लीत आली. मी ओळख दाखवली तेव्हा ताई हसल्या. इथे फाटकं उघडत होती. मावशीने चहा टाकला. आमच्याकडे कूलर नाही, एसी आहे, असं ती जरा अभिमानाने म्हणाली. तोवर टॉर्चवाल्याने दिवाणखान्याच्या खिडकीतल्या बाटलीवर प्रकाश टाकला होता. मनीप्लँट. हिरव्या काचेत मुळांच्या जाळ्यामध्ये चार-पाच स्वल्पविराम खालीवर करत होते.

मावशी कपाळाला हात लावून बसली. ताईंनी रजिस्टर उघडून ओळ भरली, मग दाराशी जाऊन भिंतीवर खडूने तारीख घातली. दिवाळीचा रंग नुकताच दिलेला होता. मावशी काही बोलली नाही.

काका वर्तमानपत्र बाजूला ठेवून उठले. ‘ये रिपोर्ट जाती कहाँ है?’ त्यांनी विचारलं.

‘ऊपर,’ ताई म्हणाल्या.

काकांनी बाटली उचलली, मागच्या अंगणात नेली आणि पाणी मातीत ओतलं. मग नळाखाली धरून तिच्या आतल्या कडा बोटाने घासत बराच वेळ उभे राहिले.